नो एंट्रीतल्या पेशी

४ फेब्रुवारी

ताट भिंतीवर आपटलं त्याने. भरलेलं! भिंत पुसून पुसून माझं मनगट दुखतंय आणि साहेब आतल्या खोलीत कपाटाची दारं उघडतायत आणि लावतायत. उघडतायत आणि लावतायत.

कारण काय? मी म्हटलं, "ताट जरा आत सरकव, कडेला आलंय." एवढंच! त्यावर म्हणाला, "मी तुझा शिकाऊ नाही." आणि ताट उडालं.

चोवीस वर्षांत या माणसाने माझ्यासमोर आवाज चढवला नव्हता. मी गाडी चालवायला शिकवते, दिवसभर लोकांवर ओरडून घरी येते. हा कानाची मशीनं बसवून देतो, दिवसभर लोकांचं ऐकून घरी येतो. मी बोलणार, हा ऐकणार — संसार असाच ठरून गेलेला. मी त्याला मौनीबाबा म्हणते. आज मौनीबाबाला कंठ फुटला, आणि फुटला तो असा!

७ फेब्रुवारी

बोलत नाही मी त्याच्याशी. बसू दे तसाच.

११ फेब्रुवारी

दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेला. "तुम्हाला ऐकायचंच नाहीये, मशीन काय करणार!" ते बिचारे मशीन काढून टेबलावर ठेवून निघून गेले. शेजारच्या चष्मेवाल्याने मला फोन करून सगळं रंगवून सांगितलं. वर म्हणे हा ओरडत होता — "आख्ख्या जगाचा आवाज मी कमी-जास्त करून दिला, घरातल्या एका बाईचा तेवढा कमी करता आला नाही!"

चष्मेवाला हसत होता फोनवर. मेल्या, तुझ्या सगळ्या काचा फुटोत.

आज गाडीत तीन शिकाऊ होते. तिघांवरही विनाकारण खेकसले. माझ्या बाजूचा ब्रेक इतक्यांदा दाबला की एक मुलगी रडायलाच लागली.

झोपत नाही हा. येरझाऱ्या घालतो. ओठाचा डावा कोपरा मधूनच उडतो. लक्ष वेधायचे धंदे, दुसरं काय!

१५ फेब्रुवारी

वन्सं आल्या. समोर मी ताई म्हणते, पण इथे वन्संच. याची थोरली बहीण. मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, शाळा काही सुटलेली नाही.

आल्या आल्या माझा फ्रिज उघडला. खालचं वर, वरचं खाली. "अगं, बाहेर काय ठेवतेस सगळं? खराब होतं!" यांच्या घरी औषधं फ्रिजात, बॅटरीचे सेल फ्रिजात, गोंदाची बाटलीसुद्धा फ्रिजात. एखाद दिवशी स्वतःच जाऊन बसतील.

मग मुद्द्यावर आल्या. "तूच काहीतरी बोलली असशील. माझा भाऊ म्हणजे गरीब गाय."

गाय! गायीने ताट फेकलं की हो, वन्सं!

१९ फेब्रुवारी

सकाळी बेसिनपाशी उभा. नळ सोडलेला, पाणी वाहतंय, आणि हा नुसता बघतोय. मी म्हटलं, "टॉवेल देऊ?" म्हणाला, "काय देऊ?" "टॉवेल." "ते काय असतं?"

आधी वाटलं चिडवतोय. मग त्याचा चेहरा पाहिला. तो चिडवत नव्हता. शब्दच सापडत नव्हता त्याला. आणि सापडत नाही म्हणून माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच तो लपवून ठेवलाय.

गाडीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. शिकवणीची गाडी, टपावर पाटी, मागे लाल अक्षरं. वाटभर मला शिव्या देत होता. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "मॅडम, हा पास होणार का?"

२१ फेब्रुवारी

मेंदूच्या डॉक्टरांचा टाय फार सुंदर आहे. मेंदूबद्दल मात्र त्यांना अजून काही सांगता येत नाही. मी त्यांना टायवाले म्हणते. आज त्यांनी याच्या पाठीत, मणक्यांच्या मधे सुई घालून पाणी काढलं. आपल्या मणक्यात पाणी असतं आणि तेच मेंदूभोवती फिरतं — मला आज कळलं.

एवढीशी बाटली. करंगळीएवढी. आत स्वच्छ पाणी, काही नसल्यासारखं. नर्सने ती माझ्या हातात दिली. पेशी मोजायचं मोठं मशीन इथे नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये आहे, आणि तिथे नातेवाइकांनीच न्यायचं म्हणे. "तासाच्या आत पोचवा हं. या पाण्यात पेशी टिकत नाहीत, फुटून जातात. उशीर झाला तर मोजायला काही उरत नाही."

बाटली ब्लाउजमध्ये ठेवली आणि अशी गाडी हाणली की माझ्या एखाद्या शिकाऊने तशी चालवली असती तर मी त्याला रस्त्यातच उतरवलं असतं.

बाटली हवाली करून परत आले तर हा म्हणतो, "आलीस? मला वाटलं सुटलो."

२३ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. बासष्ट.

टायवाल्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, पहारा देतात, जंतू दिसला की मारतात. त्यांनी रक्तात हिंडावं. मणक्याच्या पाण्यात त्या चार-पाचच्या वर नसाव्यात. याचं रक्त अगदी ठीक आहे. पाण्यात मात्र बासष्ट.

"म्हणजे नो एंट्रीत घुसल्यात," मी म्हटलं.

त्यांना ते आवडलं. "अगदी बरोबर, मॅडम! आणि घुसून त्यांच्याच मेंदूवर हल्ला करतायत. जंतू वगैरे काही नाही."

"स्वतःच्याच?"

"स्वतःच्याच."

घ्या! त्याच्या पेशीसुद्धा त्याच्यावर उठल्या. मी एकटी नाही तर!

मग एक विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. "मग तो जे बोलतो माझ्याबद्दल — ते?" टायवाले म्हणाले, "ते नाही बोलत, मॅडम. आजार बोलतोय."

घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडले. बरं वाटलं म्हणून. हे इथेच राहू दे.

२ मार्च

पाच दिवस सलाइनमधून औषध दिलं, मेंदूची सूज उतरायचं. काडीचा फरक नाही! उलट तोंड जास्त सुटलंय. आज काय काय म्हणाला —

माझ्या हसण्याने त्याचं डोकं दुखतं. मी लेकीला माझ्यासारखं केलं म्हणून ती परगावी पळाली. मी जेवताना त्याच्या घासांवर नजर ठेवते. मी घरात शिरले की हवा कमी होते.

लेकीला फोन केला. "आई, बाबा नाही बोलत गं, आजार बोलतोय." वन्संचं तेच. नर्सचंही तेच. एखादा आजार येतो, माणसाच्या डोक्यात शिरतो आणि त्याला बरोबर ठाऊक असतं की मी घासांवर नजर ठेवते? आजाराला कुणी सांगितलं?

ठेवते मी नजर. खातच नव्हता नीट कधी!

९ मार्च

टायवाल्यांना आज गाठलं. म्हटलं, नीट सांगा. यातलं कुठलं वाक्य पेशींचं आणि कुठलं त्याचं?

"मॅडम, ते लॅबमध्ये कळत नाही."

मग एवढी यंत्रं कशाला ठेवलीत? पेशी मोजता, त्यांची जात सांगता, आणि बायकोला हवं ते एकही उत्तर नाही! टाय आज पिवळा होता.

१६ मार्च

उद्या पुन्हा पाणी काढणार. पेशी अजून असतील तर पुढचं जोरदार औषध. नसतील तर आजार शमला म्हणायचं.

म्हणजे उद्या कळेल. पेशी गेल्या आणि तरी तो तसंच बोलला, तर तो बोलतोय. सरळ हिशेब आहे.

१७ मार्च

पाणी काढून झालं. मी त्याच्या अंगावर चादर सारखी करायला गेले. हात झिडकारला आणि नर्ससमोर, वन्संसमोर, शेजारच्या पेशंटसमोर म्हणाला, "हिला बाहेर काढा. चोवीस वर्षं मी हिला घाबरून गप्प बसलो. आता नाही बसणार."

घाबरून! मला वाटायचं, तो शांत आहे.

नर्सने बाटली माझ्यापुढे धरली. "न्या लवकर, ताई." मी घेतली आणि तशीच वन्संच्या हातात दिली. "तुमचा भाऊ आहे, तुम्हीच वाहा त्याचं पाणी. मला क्लास आहेत." क्लास नव्हते. गाडीत बसून राहिले नुसती, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत.

२० मार्च

दोन. फक्त दोन पेशी.

टायवाले खूश. "सूज पूर्ण उतरली! जोरदार औषध आता नको. घरी न्या. जे उरलंय ते मनाचं आहे, त्यासाठी वेगळे डॉक्टर देतो."

वन्सं देवापुढे उभं राहिल्यासारख्या हात जोडून उभ्या. मी विचारलं, "म्हणजे आता आजार बोलत नाहीये?" ते म्हणाले, "आजार आता नाहीच म्हणायचा."

झालं. मिळालं मला उत्तर.

२३ मार्च

घरी आणून तीन दिवस. आज मी चहा ठेवला त्याच्यापुढे. कपाकडे बघत, अगदी सावकाश म्हणाला, "तू गेलीस तर मी बरा होईन."

ओरडला नाही. ताट नाही, कप नाही. सावकाश म्हणाला. पाणी स्वच्छ, पेशी दोन!

बॅग भरली. वन्संना फोन केला — या आणि सांभाळा तुमची गाय. क्लासच्या ऑफिसात आलेय. खोलीत एक बाक, भिंतीवर रस्त्यांच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात जुने टायर. इथेच राहणार. कुणाला घाबरून गप्प बसावं लागणार नाही आता.

२६ मार्च

लेकीचे फोन. उचलले नाहीत.

पाठ मोडली बाकावर. शिकाऊंना आज गाडी रिव्हर्स शिकवली. सगळ्यांना छान जमली. चांगलं झालं, माझं ओरडणं वाचलं.

२९ मार्च

सकाळी वन्संचा फोन. आवाज शाळेतला नव्हता. "अगं ये. त्याला झटके येतायत. थांबत नाहीयेत."

गेले. आयसीयूच्या काचेतून पाहिला. नळ्या. डोळे अर्धे उघडे, कुणाकडेच बघत नव्हते. माझ्याकडेही नाही.

टायवाले हैराण. "असं कसं झालं? पाणी तर स्वच्छ होतं!" पुन्हा पुन्हा तेच. आणि तेव्हा वन्सं रडत रडत, आपली बाजू मांडल्यासारख्या म्हणाल्या, "मी तर किती जपली होती हो ती बाटली. उन्हातून नको म्हणून आधी घरी नेली, रात्रभर फ्रिजात थंडगार ठेवली, सकाळी बर्फाच्या डब्यातून दिली. लॅबवाल्याने विचारलं कधी काढलं, तर म्हटलं, काढलं की लगेच माझ्या हातात दिलंय."

टायवाल्यांनी फाइलमधला तो दोनचा रिपोर्ट काढून पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "पेशी फुटून गेल्या असणार. सगळ्या. आपण नुसतं पाणी मोजलं."

मी वन्संवर अशी तुटून पडले की वॉचमन धावत आला. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. फ्रिज, शाळा, गोंद, सगळं काढलं. वन्सं भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या —

"तासाच्या आत न्यायची असते, हे तू मला सांगितलंस का?"

नाही सांगितलं. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. मला राग आला होता.

३० मार्च

पुन्हा सुई. या वेळी तो हललाही नाही. बाटली नर्सच्या हातातून मी जवळजवळ हिसकावलीच. वन्सं न विचारता गाडीत बसल्या, माझ्या शेजारी नाही, मागे. बाटली त्यांनी दोन्ही तळव्यांत धरली होती. "गरम तर नाही ना होणार?" असं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा खेकसले.

संध्याकाळी आकडा आला. एकशे अठरा.

म्हणजे पेशी तिथेच होत्या. त्या चहाच्या कपापाशीही होत्या. आणि मी बॅग भरून निघून गेले. एकशे अठराच्या तावडीत त्याला एकट्याला सोडून!

२ एप्रिल

जोरदार औषध सुरू केलं. घुसखोर पेशी मारणारं. टायवाले म्हणतात, वेळ लागेल, आणि किती परत येईल ते सांगता येत नाही. किती परत येईल, असं म्हणाले. ते परत येतील, असं नाही म्हणाले.

९ एप्रिल

झटके थांबले. डोळे उघडतो, गिळतो, बोट दाखवलं की बघतो. बोलत नाही. एक शब्द नाही. मौनीबाबा!

वन्सं उजवीकडे, मी डावीकडे. एकमेकींशी बोलत नाही. त्या डबा आणतात. थंडगार.

१७ एप्रिल

मी बोलतेय त्याच्याशी. दिवसभर. शिकाऊंच्या गमती, चष्मेवाल्याच्या चुगल्या, लेकीचं येणं. नर्स म्हणते, बोलत राहा, कानावर पडू दे. ज्या माणसाला माझा आवाज कमी करायचा होता, त्याच्या कानाशी बसून मी दिवसभर बडबडतेय. कसला सूड आहे हा, देव जाणे!

आज चिडलेच. म्हटलं, अरे बोल ना! शिव्या दे! हिला बाहेर काढा म्हण! हवा कमी होते म्हण! काहीही म्हण, पण तोंड उघड!

ओठाचा कोपरासुद्धा उडाला नाही.

वन्संनी त्यांचा रुमाल माझ्यापुढे केला. मी घेतला. रुमाल फ्रिजातला नव्हता.

२८ एप्रिल

टेकून बसला. चमचा स्वतः धरला. लेक आली होती, तिच्याकडे बघून हसल्यासारखं केलं. माझ्याकडे बघून नाही.

त्याला आठवतंय का? मी गेले होते हे? टायवाले म्हणतात, बहुतेक काहीच आठवणार नाही. बहुतेक!

६ मे

उभा राहिला. दोन माणसांनी धरून. उंच आहे हा, मी विसरलेच होते.

आज घरी गेले कपडे आणायला. भिंतीवर ताटाचा डाग अजून आहे, फिकट. भिंत रंगवून घ्यायला हवी. वन्सं म्हणाल्या, "राहू दे आत्ता, तो आला की बघू." आणि मी चक्क "बरं" म्हटलं.

१४ मे

सकाळी पाणी काढलं. मीच नेलं. अर्ध्या तासात लॅबवाल्याच्या टेबलावर. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसा, लगेच लावतो मशीनला." माझा चेहरा पाहून घाबरला असणार.

एक. ताज्या पाण्यात एक पेशी. टायवाल्यांनी स्वतः फोन केला.

दुपारी मी त्याला कॉरिडॉरमध्ये चालवत होते. कोपर धरून. "डावा पाय. आता उजवा. जमिनीकडे नको, समोर बघ. हळू. हळू! कडेला जातोयस —"

थांबला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं. आवाज फाटलेला, पण शब्द स्पष्ट.

"मी तुझा शिकाऊ नाही."

ओरडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला. आणि पाण्यात पेशी एक.

मी कोपर सोडलं. तो दारापर्यंत गेला, एकटा. सारखा डावीकडे जात होता. मी काही बोलले नाही.